मध्यरात्री संगणकाला कोण उठवते?

हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत आज संगणक पोचला आहे. ग्रामपंचायतीत आहे, आपले सरकार सेवा केंद्रात आहे, शाळेत आहे, बाजार समितीत आणि हळदीच्या आडतीवर आहे, शिकणाऱ्या मुलांच्या घरीही आहे. त्याबरोबर एक तक्रारही पोचली आहे. रात्री संगणक ‘स्लीप’वर टाकून कुलूप लावले, सकाळी शटर वर केले तर स्क्रीन उजळलेली आणि पंखा फिरत असलेला. खोलीत कुणी आले नव्हते, मग याला उठवले कुणी?

या प्रश्नाची तयार उत्तरे गावात भरपूर मिळतात. व्हायरस शिरला असेल, कुणी तरी लांबून संगणक चालवत असेल, मदरबोर्ड गेला असेल. मराठवाड्यात तर कारण न सापडलेल्या घटनेला भानामती म्हणण्याची जुनी सवय आहे. शेवटी सगळे एकाच उपायावर येतात: फॉरमॅट मारून टाका. त्यात अर्धा दिवस जातो, कधी कधी जपून ठेवलेल्या फाइलीही जातात आणि चार रात्रींनी संगणक पुन्हा जागा सापडतो, कारण मूळ कारण तसेच राहिलेले असते.

खरे म्हणजे झोपलेला संगणक कारणावाचून उठत नाही. त्याला कुठून तरी संकेत जातो, आणि बहुतेक वेळा त्या संकेताची नोंद संगणक स्वतःच करून ठेवतो. ही नोंद कशी वाचायची आणि वाचून काय करायचे, हे कळले की मेकॅनिककडे न जाताही बहुतेक दुरुस्ती जागच्या जागी होते.

झोपलेल्या संगणकात काय चालू असते?

संगणकाला झोपवण्याची कल्पना वीज वाचवण्याच्या गरजेतून रुजली. अमेरिकेत १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू झाली, तेव्हा तिचे चिन्ह सर्वांत आधी संगणकांना आणि मॉनिटरना मिळाले. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली. संगणकाने किती गाढ झोपायचे आणि कशाने उठायचे, हे आजही तिच्याच चौकटीत ठरते.

या नियमावलीत झोपेच्या पायऱ्या आहेत. एस-० म्हणजे पूर्ण जागा. एस-३ म्हणजे आपण नेहमी ज्याला स्लीप म्हणतो ती अवस्था. त्यात प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि पंखे बंद होतात, पण रॅमला वीज मिळत राहते. रॅममधली माहिती अतिसूक्ष्म विद्युतभारांच्या रूपात असते आणि हे भार सतत गळतात, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत ते पुन्हा भरावे लागतात. हे काम झोपेतही चालू असते, म्हणूनच उठल्याबरोबर अर्धवट भरलेला अर्ज जसाच्या तसा समोर येतो. एस-४ म्हणजे हायबरनेट. यात रॅममधले सगळे हार्ड डिस्कवर लिहून ठेवले जाते आणि रॅमचीही वीज तुटते. एस-५ म्हणजे शटडाऊन.

शटडाऊन केले तरी मागचे बटण चालू असेपर्यंत आतला वीजपुरवठा पूर्ण थांबत नाही. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, मदरबोर्डला एक जांभळी तार जाते आणि तिच्यात कायम ५ व्होल्ट असतात. शेतातली सगळी माणसे घरी गेली तरी जागलीला एक माणूस माळ्यावर बसून राहतो, तसा मदरबोर्डचा छोटासा भाग या ५ व्होल्टवर रात्रभर जागा राहतो. पॉवर बटण, कीबोर्ड, माऊस, नेटवर्कची केबल आणि घड्याळ या पाच दिशांवर त्याचे लक्ष असते. यांपैकी कुठूनही ठरलेला संकेत आला की तो बाकीच्या यंत्राला उठवतो. आपला शोध या पाच दिशांपुरता आहे. आपल्या भागात मात्र त्यात सहावी जोडावी लागते, ती म्हणजे गेलेली आणि परत आलेली वीज.

आधी पाहा: संगणक झोपेतून उठला की बंद पडून चालू झाला?

ही तपासणी सर्वांत आधी करायची, कारण खेड्यातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच तक्रारींचे उत्तर इथेच मिळते. एस-३ झोपेत रॅमला वीज लागते. रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने पाच-दहा मिनिटांत संपली, की रॅममधले सगळे पुसले जाते आणि झोपलेला संगणक पूर्ण बंद पडतो. पहाटे वीज आली की काही संगणक आपोआप चालू होतात. सकाळी पाहणाऱ्याला वाटते की तो झोपेतून उठला.

वीज परत आल्यावर काय करायचे, हे बायोसमधली, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावरची, एक सेटिंग ठरवते. मदरबोर्डच्या कंपनीप्रमाणे तिचे नाव बदलते. कुठे ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, कुठे ‘एसी बॅक’, कुठे ‘आफ्टर पॉवर लॉस’, तर कुठे ‘एसी रिकव्हरी’ असे लिहिलेले असते. पर्याय साधारण तीन असतात: वीज आल्यावर बंदच राहा, चालू हो, किंवा वीज जाण्यापूर्वी जसा होतास तसा हो. ज्या यंत्राने माणूस जवळ नसतानाही सुरू व्हावे अशी गरज असते, तिथे दुसरा पर्याय ठेवतात. सेवा केंद्रासाठी, घरासाठी आणि शाळेसाठी पहिला पर्याय योग्य आहे.

डेस्कटॉपवर विंडोजची ‘हायब्रीड स्लीप’ ही सोय पुष्कळदा चालू असते. झोपताना ती रॅममधल्या माहितीची एक प्रत डिस्कवरही ठेवते. त्यामुळे वीज गेली तरी काम बुडत नाही आणि वीज आल्यावर उघडे असलेले सगळे तसेच परत दिसते. ही सोय चांगली आहे आणि वीज वारंवार जाते तिथे ती चालूच ठेवावी. पण तिच्यामुळे गैरसमजही होतो. अर्ज जसाच्या तसा समोर दिसला म्हणजे वीज गेलीच नव्हती, असे समजू नये.

फरक ओळखायला अवघड नाही. भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाची किंवा राउटरची वेळ चुकली आहे का पाहा, शेजाऱ्याला रात्री वीज गेली होती का विचारा. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद असेल, तर संगणक नीट बंद न होता अचानक थांबला होता असा तिचा अर्थ. अशी नोंद त्याच रात्रीची असेल तर स्लीपच्या सेटिंग शोधत बसू नका. यूपीएसची बॅटरी तपासा, सैल झालेला प्लग घट्ट करा आणि बायोसमधली ती एक सेटिंग बदला.

संगणकालाच विचारा

वीज गेली नव्हती अशी खात्री झाली की साक्ष संगणकाची घ्यायची. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ लिहा, येणाऱ्या कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या खिडकीत आज्ञा द्यायची ती ‘पॉवरसीएफजी’ या नावाने. इंग्रजीत पॉवर या शब्दाला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरे लिहायची, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला जोडून पुढचा शब्द.

तिरक्या रेघेपुढे ‘लास्टवेक’ हे सलग लिहिले तर शेवटच्या वेळी कशाने जाग आली ते दिसते. ‘वेकटायमर्स’ लिहिले तर पुढे कोणत्या वेळी उठण्याचा गजर लावलेला आहे आणि तो कुणी लावला आहे ते कळते. ‘डिव्हाइसक्वेरी’ लिहून एक जागा सोडून ‘वेक’ आणि ‘आर्म्ड’ हे शब्द खालच्या रेघेने जोडून लिहिले, तर ज्या उपकरणांना उठवण्याची परवानगी आहे त्यांची यादी मिळते. ‘रिक्वेस्ट्स’ लिहिले तर संगणकाला झोपूच न देणारा कार्यक्रम सापडतो. या चार आज्ञा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

‘लास्टवेक’ला एक मर्यादा आहे. तिला फक्त शेवटची जाग आठवते. रात्री दोनला संगणक उठला, पुन्हा झोपला, आणि सकाळी तुम्ही बटण दाबून उठवलात, तर ती तुमच्या बटणाचेच नाव सांगेल. मागचा सगळा हिशेब ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये असतो. तिथे ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’ या भागात ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या स्रोताची १ क्रमांकाची नोंद शोधा. प्रत्येक वेळी जाग आल्याची अशी एक नोंद असते आणि तिच्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणाऱ्याचे नाव अशा तीन ओळी असतात.

या ओळी वाचताना अनेक जण एका ठिकाणी फसतात. नोंदीच्या आत लिहिलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, शेवटी इंग्रजी ‘झेड’ हे अक्षर असते. भारतीय वेळ काढण्यासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. आत आदल्या दिवशीचे २०:३० लिहिलेले असेल तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. हे माहीत नसले की माणूस संध्याकाळी साडेआठला दुकानात कोण होते, याचा विनाकारण शोध घेत बसतो.

उठवणाऱ्याच्या जागी ‘टायमर’ असेल तर घड्याळाने उठवले आहे. ‘डिव्हाइस’ असेल तर पुढे उपकरणाचे नाव येते. नेटवर्क कार्डाचे नाव असेल तर संकेत केबलमधून आला. यूएसबी कंट्रोलर किंवा रूट हब असेल तर यूएसबीला जोडलेल्या कुठल्या तरी वस्तूतून आला. ‘पॉवर बटण’ही दिसू शकते. कधी ‘अननोन’ असेही येते, तेव्हा त्याच मिनिटाच्या मागच्या-पुढच्या नोंदी वाचायच्या.

झोपेतून उठल्यानंतर संगणक काय करतो, तोही एक पुरावा आहे. माणसाच्या हालचालीशिवाय जाग आली तर विंडोज साधारण दोन मिनिटे वाट पाहते आणि काही काम नसेल तर पुन्हा झोपते. माऊस किंवा कीबोर्डमुळे जाग आली तर कुणी तरी समोर आहे असे समजून नेहमीचा वेळ संपेपर्यंत जागी राहते. म्हणजे संगणक किती वेळ जागा होता, यावरूनही संशयित कमी होतात.

घड्याळाने उठवले तर

ठीक रात्री दोनला उठणाऱ्या संगणकाची भीती सर्वांत जास्त वाटते, आणि त्याचे कारण बहुधा सर्वांत साधे असते. विंडोजमध्ये ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ नावाचे देखभालीचे काम असते. अपडेट तपासणे, डिस्कची काळजी घेणे, सुरक्षेची तपासणी करणे अशी कामे त्यात येतात. विंडोज १० मध्ये त्याची ठरलेली वेळ मुळातच रात्री दोनची आहे, आणि या कामासाठी संगणकाला उठवण्याची परवानगी देणारी एक चौकोनी खूण तिथे असते. कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’ उघडून वेळ बदलता येते. दुपारच्या जेवणाची वेळ ठेवली तर काम उजेडी होते आणि रात्र शांत जाते.

दुसरा गजर अपडेटचा. नवीन अपडेट बसवल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो आणि त्यासाठी ‘अपडेट ऑर्केस्ट्रेटर’ नावाची व्यवस्था रात्रीची वेळ ठरवून ठेवते. तिसरा गजर इतर सॉफ्टवेअरचा. बॅकअप घेणारे किंवा व्हायरस तपासणारे प्रोग्रॅम ‘टास्क शेड्युलर’मध्ये आपले काम नोंदवतात आणि त्यातल्या ‘कंडिशन्स’ या पानावर संगणक उठवण्याची अट घालतात.

हे सगळे एका ठिकाणी थांबवता येते. पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनची ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंग उघडा, ‘स्लीप’खाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ पाहा आणि ते ‘डिसेबल’ करा. ‘इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली’ असाही पर्याय असतो. तो निवडला तर अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारखे मोजके गजर चालू राहतात. मात्र गजर बंद केला म्हणजे अपडेटच बंद करू नका. दिवसा, काम संपल्यावर, आठवड्यातून एकदा अपडेट स्वतः बसवून संगणक रीस्टार्ट करण्याची शिस्त ठेवा. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळले जातात, त्यावर अपडेट थकवणे धोक्याचे आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, याचीही केंद्रचालकांनी आणि शाळांनी नोंद घ्यावी.

माऊस, कीबोर्ड आणि यूएसबी

ऑप्टिकल माऊस म्हणजे एक छोटा कॅमेरा. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त छायाचित्रे घेतो आणि एकापुढचे दुसरे चित्र किती सरकले यावरून हालचाल मोजतो. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर त्याला चित्र नीट मिळत नाही, मग जागेवर असूनही आपण हललो असे त्याला वाटते. जवळून गेलेल्या ट्रॅक्टरच्या हादऱ्यानेही टेबल आणि माऊस हलू शकतो. उठवायला एवढे पुरते.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. एका रात्री माऊस उलटा करून ठेवा किंवा त्याची केबल काढा. संगणक शांत झोपला तर कारण सापडले. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माऊसवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर संगणक उठवण्याच्या परवानगीपुढची खूण काढा. कीबोर्डची परवानगी राहू द्या, म्हणजे सकाळी उठवायला एक कळ पुरते.

सेवा केंद्राच्या संगणकाला अंगठा घेणारे यंत्र, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम आणि यूपीएसची केबल अशी रांगच लागलेली असते. नोंदीत नुसते यूएसबी कंट्रोलरचे नाव आले तर यांतले एकेक उपकरण एकेका रात्री काढून पाहावे लागते. याच जोडीला अर्थिंगही पाहून घ्या. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर तिसऱ्या पिनेची तार जमिनीपर्यंत पोचलेली नाही. अशा वेळी एसएमपीएसमधल्या गाळणीमुळे कॅबिनेटवर थोडा विद्युतदाब साचतो, आणि बाहेरच्या तारांतून नको ते संकेत आत येण्याची शक्यता वाढते. वायरमनकडून अर्थिंग नीट करून घेणे हे माणसासाठी तर गरजेचे आहेच, यंत्रालाही त्याचा उपयोग होतो.

नेटवर्कच्या केबलमधून आलेली हाक

मोठ्या कार्यालयात शेकडो संगणक एका जागेवरून सुरू करता यावेत म्हणून ‘वेक ऑन लॅन’ ही सोय आली. तिच्यासाठी एएमडी कंपनीने १९९५ मध्ये ‘मॅजिक पॅकेट’ची रचना मांडली. या संदेशात आधी ठरावीक सहा बाइट असतात आणि मग ज्या संगणकाला उठवायचे त्याच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा येतो. एकूण १०२ बाइट. झोपलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड येणाऱ्या प्रत्येक संदेशात आपला पत्ता असा सोळा वेळा आहे का, एवढेच पाहत राहते.

अडचण येते ती दुसऱ्या सोयीमुळे. काही कार्डांत ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ चालू असते. तेव्हा मॅजिक पॅकेट नसले तरी आपल्या नावाची साधी विचारणा आली की कार्ड संगणकाला उठवते. शाळेच्या संगणक खोलीत एक यंत्र सामायिक प्रिंटर शोधू लागले की शेजारचे झोपलेले यंत्र त्यामुळे उठू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर फक्त मॅजिक पॅकेटनेच उठावे अशी खूण करता येते. लांबून उठवण्याची गरजच नसेल तर परवानगी पूर्ण काढून टाका.

बाहेरच्या कुणी तरी इंटरनेटवरून संगणक उठवला असेल का, ही शंका इथेच येते. मॅजिक पॅकेट साधारणपणे एकाच स्थानिक नेटवर्कमध्ये फिरते, नेहमीच्या राउटरमधून ते बाहेरून आत येत नाही. पण दुरुस्तीसाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवले असेल, तर त्यांच्यातही त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या यंत्राच्या मदतीने उठवण्याची सोय असते. काम झाल्यावर हे प्रोग्रॅम काढून टाकावेत, निदान त्यांचा कायमचा पासवर्ड तरी ठेवू नये.

औंढ्याच्या माळावरून शिकण्यासारखे

वर सांगितलेल्या सगळ्या कृतींच्या मुळाशी एक शिस्त आहे, आणि तिचे जगातले एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात येत आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा लांबीतला फरक मोजण्याची क्षमता, असे या यंत्राचे स्वरूप आहे.

इतक्या संवेदनशील यंत्राला खोट्या हाका सतत ऐकू येतात. रस्त्यावरची वाहने, वारा, लांबचा भूकंप, विजेतला चढउतार, सगळेच त्यात उमटते. म्हणून अमेरिकेतल्या लिगो वेधशाळांत मुख्य मापनाबरोबर कंपने, आवाज, तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि वीज यांच्या वेगळ्या नोंदी अखंड घेतल्या जातात. संशयास्पद संकेत आला की त्याच क्षणी बाकीच्या नोंदींत काय घडत होते ते पाहतात. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या वेधशाळेत असेच अनोळखी संकेत येऊ लागले. मायक्रोफोनच्या नोंदीत त्याच वेळी टकटक ऐकू आली. शोध घेतला तेव्हा थंड नळीवर जमलेला बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने फोडत होते, हे उघड झाले. नळीवर बर्फ जमणार नाही अशी व्यवस्था केली आणि ते संकेत थांबले.

तिथल्या शास्त्रज्ञांनी घटनेची नेमकी वेळ घेतली, त्या वेळेच्या इतर नोंदींशी ती जुळवली, एका कारणावर बोट ठेवले, ते दूर केले आणि घटना थांबते का ते पाहिले. आपल्या टेबलावरच्या संगणकालाही हेच लागू आहे. एका रात्री एकच गोष्ट बदला. माऊस काढला, टायमर बंद केला आणि नेटवर्कची परवानगीही काढली, तर संगणक झोपेल, पण कारण कळणार नाही, आणि गरजेची एखादी सोय उगाच बंद राहील. तारीख, झोपवल्याची वेळ, उठल्याची वेळ, नोंदीत आलेले नाव आणि केलेला बदल, एवढे पाच रकाने वहीत आखले तर चार-सहा रात्रींत बहुतेक प्रकरणे सुटतात.

लॅपटॉपची वेगळी काळजी

लॅपटॉप आपोआप जागा झाला तर नुकसान जास्त होते, कारण तेव्हा तो बऱ्याचदा पिशवीत असतो. नव्या लॅपटॉपपैकी अनेकांत एस-३ झोप नसतेच. त्याऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते, म्हणजे स्क्रीन बंद, पण मोबाइलसारखे अधूनमधून इंटरनेटशी बोलणे चालू. पॉवरसीएफजीच्या तिरक्या रेघेपुढे इंग्रजी ‘ए’ लिहिले तर आपल्या यंत्रात कोणती झोप आहे ते दिसते. मॉडर्न स्टँडबाय असेल तर ‘स्लीपस्टडी’ हा शब्द लिहून झोपेत कुणी किती काम केले आणि किती बॅटरी खाल्ली याचा अहवाल मिळतो.

हिंगोलीहून नांदेडला किंवा परभणीला एसटीने निघताना, त्यातही पारा चाळिशीच्या वर गेलेल्या उन्हाळ्यात, लॅपटॉप नुसता झाकून पिशवीत ठेवू नका. त्याला हायबरनेट करा किंवा बंद करा. बंद पिशवीत जाग आली तर हवा खेळत नाही, यंत्र तापते, बॅटरी संपते आणि तिचे आयुष्यही कमी होते. हायबरनेटचा पर्याय दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर तो चालू करता येतो. झाकण मिटल्यावर काय व्हावे, हेही त्याच पानावर ठरवता येते.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिले कारण विजेचे. झोपलेला डेस्कटॉप काही मोजके वॅट घेतो. जागा आणि रिकामा डेस्कटॉप ६० वॅट घेतो असे धरले तर आठ तासांच्या रात्रीत जवळजवळ अर्धे युनिट, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट विनाकारण जातात. दहा संगणकांच्या शाळेत हा आकडा दीडशेच्या आसपास पोचतो.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. सेवा केंद्राच्या संगणकात गावाचा सातबारा, उत्पन्नाचे दाखले, विद्यार्थ्यांची कागदपत्रे आणि शेतकऱ्यांच्या खात्यांचे तपशील असतात. मध्यरात्री हा संगणक जागा झाला आणि पासवर्ड न विचारता थेट उघडला, तर ते सगळे कुणाच्याही हाती लागू शकते. म्हणून झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागण्याची सेटिंग प्रत्येक कार्यालयीन यंत्रावर चालू असलीच पाहिजे. जाग येण्याचे कारण सापडायला वेळ लागेल, ही सेटिंग मात्र आजच करता येते.

तिसरे कारण आपल्या मुलांशी निगडित आहे. शाळेतला संगणक विचित्र वागला की शिक्षक त्याला फॉरमॅट करायला पाठवतात, तेव्हा मुलांना कळते की यंत्राचे गूढ उकलत नसते, ते पुसायचे असते. तेच शिक्षक इव्हेंट व्ह्यूअर उघडून मुलांसमोर ती १ क्रमांकाची नोंद वाचतील, साडेपाच तास मिळवून वेळ काढायला लावतील आणि आज रात्री काय बदलून पाहायचे हे मुलांनाच ठरवू देतील, तर प्रयोग कसा करायचा असतो ते मुलांना कळेल. यातली काही मुले पुढे दुधाळ्याच्या वेधशाळेत काम करोत, अशी इच्छा धरायला हरकत नाही.

म्हणून संगणक चालवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. तुमचा संगणक पुढच्या वेळी रात्री आपोआप उठला, तर घाबरू नका आणि फॉरमॅटची घाई करू नका. आधी वीज गेली होती का विचारा, मग नोंद वाचा, मग एकच गोष्ट बदला. सापडलेले कारण वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या केंद्रालाही सांगा.